सदोष मेमरी बोर्ड : उपाय सॉफ्टवेअरचा की नव्या आराखड्याचा?

पंपाचा पट्टा तुटला की पंप थांबतो आणि बिघाड तत्काळ कळतो. संगणकाच्या मेमरी बोर्डातील दोष मात्र पुष्कळदा काम चालू असतानाच माहिती बदलून टाकतो. एखाद्या शून्याच्या जागी एक आला की नोंदीतील रक्कम बदलते आणि यंत्र तसेच चालू राहते. म्हणूनच असा दोष सॉफ्टवेअरमध्ये बदल करून सावरावयाचा, की बोर्डाचा आराखडाच नव्याने करावयाचा, हा प्रश्न केवळ खर्चाचा नसून नोंदींच्या विश्वासार्हतेचा आहे.

या निर्णयाची पहिली पायरी म्हणजे दोषाचे निदान. मेमरीत ठराविक आकडे लिहून ते परत वाचले असता चूक दरवेळी त्याच जागी येते काय, हे प्रथम पाहावे लागते. तसे असल्यास तेवढा भाग वगळून काम चालविता येते. चुकीची जागा बदलत असेल, तापमान अथवा कामाचा भार वाढताच ती दिसत असेल आणि त्याच बनावटीच्या अनेक बोर्डांत आढळत असेल, तर संशय आराखड्यावर जातो.

पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर १ हे अमेरिकी अवकाशयान. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्याकडून अर्थहीन संदेश येऊ लागले. माहिती जुळवून पाठविणाऱ्या संगणकाच्या मेमरीचा सुमारे ३ टक्के भाग बिघडल्याचे तपासात दिसून आले. मूळ एका निकामी चिपमध्ये होते. यान सुमारे २४ अब्ज किलोमीटर दूर असल्याने चिप बदलणे अशक्य होते. बिघडलेल्या भागातील आज्ञावली एकत्र ठेवता येईल एवढी सलग जागाही उरलेली नव्हती. अभियंत्यांनी तिचे तुकडे करून ते निरनिराळ्या जागी ठेवले व एकमेकांचे संदर्भ दुरुस्त केले. १८ एप्रिल २०२४ रोजी पाठविलेल्या आज्ञेचे उत्तर २० एप्रिल रोजी मिळाले आणि उपाय यशस्वी ठरला.

याउलट सन २००० मधील इंटेल कंपनीचे उदाहरण आहे. तिच्या ८२० चिपसेटच्या काही मदरबोर्डांवर एका प्रकारच्या मेमरीचे संकेत दुसऱ्या प्रकारात बदलणारी ‘मेमरी ट्रान्सलेटर हब’ ही चिप बसविलेली होती. विद्युत संकेतांतील गोंगाटामुळे संगणक अडकत किंवा आपोआप पुन्हा सुरू होत. माहिती बिघडण्याचाही संभव होता. त्या वर्षी मे महिन्यात कंपनीने सदोष मदरबोर्ड बदलून देण्याचे जाहीर केले. येथे आज्ञावलीचा आधार अपुराच पडला असता. कारण दुरुस्तीची आज्ञावली ज्या मेमरीत राहावयाची, तिच्याकडे जाणारी वाटच भरवशाची नव्हती.

तिसरा प्रकार या दोहोंमधला आहे. मेमरीच्या एका ओळीचा वारंवार वापर केल्यास शेजारच्या ओळीतील विद्युतभार गळून तेथील माहिती उलटते, हे २०१४ साली कार्नेगी मेलन विद्यापीठ व इंटेल येथील संशोधकांनी दाखवून दिले. तपासलेल्या १२९ मेमरी बोर्डांपैकी ११० बोर्डांत हा दोष आढळला. मेमरीतील भार साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांनी पुन्हा भरला जातो. हा काळ कमी करणे हा तातडीचा उपाय होता. बोर्ड न बदलता तो करता आला. मात्र त्यामुळे विजेचा खर्च वाढतो, वेग घटतो आणि धोका केवळ कमी होतो. पुढे उत्पादकांनी चिपमध्येच संरक्षक योजना घातली. तीही चुकविता येते, असे २०२० मध्ये ४२ पैकी १३ बोर्डांवर सिद्ध झाले. अखेर प्रत्येक ओळीच्या वापराची मोजणी चिपमध्येच करण्याची तरतूद २०२४ च्या प्रमाणकात करण्यात आली. आराखड्यातील दोषाचा निकाल शेवटी आराखड्यातच लागतो, हा या घटनाक्रमाचा बोध होय.

यावरून निर्णयासाठी चार प्रश्न हाती येतात. दोष एका जागेपुरता आहे की बनावटीत आहे? बोर्ड बदलणे शक्य आहे काय? सॉफ्टवेअरच्या उपायासाठी वेग, वीज व मेमरी यांची किती किंमत मोजावी लागेल? आणि उपायानंतर चूक खरोखर थांबते, की केवळ दिसेनाशी होते?

शेवटचा प्रश्न संगणक वापरणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने लक्षात ठेवावा. अनेक सर्व्हरमध्ये ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून एका बिटाची चूक आपोआप सुधारण्याची सोय असते. ही सोय उपयुक्त आहे, तथापि तिच्या आड सदोष बोर्ड दीर्घकाळ लपून राहू शकतो. अशा सुधारणांची नोंद यंत्र ठेवीत असते. ती नियमितपणे तपासावी. एकाच बोर्डाचे नाव पुनःपुन्हा येऊ लागल्यास ते वेळीच बदलावे. पुरवठादाराने सॉफ्टवेअर सुधारणा दिली, तर ती कायमची आहे की तात्पुरती, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. तात्पुरत्या उपायास मुदत घालून दिली, तरच कायमचा उपाय वेळेवर होतो.