प्रेअरीच्या वाटेवर

कॅनडा देशाच्या मध्यभागी प्रेअरी नावाचा विस्तीर्ण गवताळ प्रदेश आहे. विनिपेग शहराहून मोटारीने पश्चिमेकडे कॅलगरीपर्यंत जावयाचे, तर सुमारे १,३०० किलोमीटर अंतर तोडावे लागते. वाटेत घाट नाही की दाट अरण्य नाही. रस्ता सुतासारखा सरळ आणि वर अफाट आकाश! येथे पाहण्यासारखे ते काय, असे प्रवाशाला प्रथम वाटते.

विनिपेगजवळची भूमी तर तळहातासारखी सपाट आहे. हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाचे येथे एक प्रचंड सरोवर झाले होते. सरोवर ओसरले आणि त्याच्या तळाचा बारीक गाळ मागे उरला. आज मोटारी धावतात त्या या सरोवराच्या तळावरून!

पुढे रेजायना हे शहर लागते. क्री लोक या स्थळाला 'अस्थींची रास' या अर्थाच्या नावाने ओळखत. पूर्वी या मैदानावर बायसन नावाच्या रानबैलांचे अगणित कळप चरत. अन्न, वस्त्र आणि तंबूंची कातडी क्री लोकांना त्यांच्यापासूनच मिळे. पुढे कातड्यांच्या लोभाने बायसनांचा बेसुमार संहार झाला. कळप नाहीसे झाले आणि येथील मूळ रहिवाशांवर उपासमार ओढवली. १८८२ मध्ये लोहमार्ग येथवर आला. त्याच वर्षी इंग्लंडच्या राणीच्या सन्मानार्थ गावाचे नाव बदलले. रेजायना म्हणजे राणी.

लोहमार्गापाठोपाठ शेतकरी आले. त्यांनी गवत नांगरून गहू पेरला. स्थानकास्थानकांजवळ धान्याची उंच लाकडी कोठारे उभी राहिली. घोडागाडीने धान्य पोहोचवून शेतकऱ्याला त्याच दिवशी घरी परतता यावे, अशा बेताने ती बांधलेली असत. त्यांपैकी थोडीच आता उरली आहेत.

गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली माती नांगराने मोकळी झाली होती. १९३० नंतरच्या दशकात वर्षानुवर्षे अवर्षण पडले. वाऱ्याने ती माती उडवून नेली आणि हजारो कुटुंबे घरदार सोडून गेली. तेव्हा १९३५ मध्ये सरकारने माती वाचविण्यासाठी खास कायदा केला. शेतांच्या कडेने वारा अडविणाऱ्या वृक्षांच्या रांगा रस्त्यावरून दिसतात, त्या उगाच लावलेल्या नाहीत. आता तर पुष्कळ शेतकरी जमीन न नांगरता, धसकटे तशीच ठेवून पेरणी करतात.

कॅलगरी जवळ येताच क्षितिजावर रॉकी पर्वताची हिमशिखरे दिसू लागतात आणि प्रवासी आनंदाने उद्गार काढतात. पर्वत आपणहून नजरेत भरतो. मैदान मात्र जाणून घेऊन पाहावे लागते.