जखीण आणि जेतवन



आपण त्रिशरण-पंचशील घेतले, घरातले देव्हारे काढले. पण जिभेवरची भुते अजून उतरलेली नाहीत. भांडणात बाईच बाईला 'जखीण' म्हणते, 'हडळ' म्हणते. हे शब्द एकदा तपासून पाहा. लोकसमजुतीप्रमाणे बाळंतपणात मेली ती हडळ. नवरा जिवंत असताना मेली ती जखीण. कोकणात विधवेचे भूत म्हणजे लावसट. जिवंतपणी नवऱ्यावरून आणि मुलावरून बाईची जी प्रत ठरवली, तीच मेल्यावरही तिच्या मागे लावली. बाळंतिणीच्या उशाशी वेळेवर सुईण किंवा डॉक्टर का नव्हता, हे मात्र यातला एकही शब्द विचारत नाही.

'जखीण' म्हणजे मूळची 'यक्षिणी', पालीत 'यक्खिनी'. धम्मपदाच्या पाचव्या गाथेवरील अट्ठकथेत काळी यक्खिनीची गोष्ट येते. ती मुळातून वाचावी.

एका घरात सुनेला मूल होईना. सासू दुसरी सून आणण्याचे बोलू लागली. आपले स्थान जाईल या भीतीने थोरलीने स्वतःच सवत निवडून आणली आणि पुढे जेवणातून औषध घालून दोनदा तिचा गर्भ पाडला. तिसऱ्या वेळी धाकटी सूड घेण्याची इच्छा धरून मेली. नवऱ्याने थोरलीला मारले, तीही मेली. पुढे मांजर-कोंबडी, मग बिबट्या-हरिणी अशी वैराची साखळी सांगितली आहे. (पुनर्जन्माच्या या साखळीला कथेचा साचा समजा, त्यात अडकू नका.) अखेर एक श्रावस्तीची मुलगी झाली, दुसरी यक्खिनी. यक्खिनीने तिची दोन मुले खाल्ली. तिसरे बाळ घेऊन ती जेतवनात धावली आणि ते तिने तथागतांच्या पायाशी ठेवले.

तथागतांनी काय केले? मंत्र म्हटला नाही, लिंबू कापले नाही, यक्खिनीला झोडपलेही नाही. आनंदाला पाठवून तिला आत बोलावले, दोघींनाही समजावले आणि आईला म्हणाले, बाळ तिच्या हातात दे. आई भ्याली. तरी तिने दिले. यक्खिनीने बाळाचा मुका घेतला, ते परत केले आणि ती रडू लागली. आता मी जगू कशी, खाऊ काय, हा तिचा प्रश्न होता. तथागतांनी त्या आईलाच सांगितले, हिला घरी ने आणि चांगले जेवण दे.

तिला आधी घरातच ठेवले. कांडताना मुसळ डोक्यात बसते आहे असे तिला वाटे. जागा बदलत बदलत शेवटी तिला गावाबाहेर शांत ठिकाणी नेले. तेथे ती त्या बाईला सांगू लागली, यंदा पाऊस जास्त आहे, उंचावर पेर; यंदा कमी आहे, सखल जमिनीत पेर. इतरांची पिके बुडत किंवा करपत, हिची तरत. मग सारे गाव सल्ल्याला येऊ लागले आणि तिला जेवण पोचवू लागले.

सातपुड्याच्या भागात जिवंत बाईला 'डाकीण' ठरवून मारल्याच्या घटना घडल्या आहेत. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्याला करणी करणारा किंवा सैतान ठरवून छळणे हा गुन्हा केला. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षे. गावात असे काही कानावर आले तर पोलीस ठाण्यात कळवा.

ही गोष्ट विहारात मुलांना सांगाल तेव्हा त्यांना एवढे विचारा : पहिल्या घरात सासूने दुसऱ्या सुनेचे नाव काढले नसते, तर थोरली औषधाकडे वळली असती का?