लोह एकच, वह्या वेगळ्या

परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत झरी लागतं. ते माझं गाव. परभणीच्या कृषी विद्यापीठातून गृहविज्ञानाची पदवी घेतली आणि पुढची बावीस वर्षं इतरांच्या संशोधनासाठी माहिती गोळा करण्यात गेली. माती, रक्त, मजुरी, कर्ज, पाऊस, बाळंतपण, बियाणं. कधी कृषिशास्त्रज्ञांसाठी, कधी डॉक्टरांसाठी, कधी अर्थशास्त्राच्या किंवा समाजकार्याच्या अभ्यासकांसाठी. प्रबंधावर नाव त्यांचं असतं आणि ते योग्यच आहे. पण त्यातला पहिला आकडा कुणीतरी कुणाच्या तरी ओसरीवर बसून लिहिलेला असतो. त्या ओसरीवर मला जे कळलं ते इथे मांडते.

१. ओसरीवर विषयांच्या भिंती नसतात.

एका वर्षी आमच्या गल्लीतल्या थोरल्या काकूंकडे मी दोनदा गेले. उन्हाळ्यात मातीच्या नमुन्यासाठी आणि दिवाळीनंतर रक्त तपासणाऱ्या पथकाबरोबर. मातीचा नमुना घ्यायचा म्हणजे रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करायचा, वीतभर खोलीपर्यंतची माती खरवडून गोणपाटावर कालवायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. काकूंच्या मृदा आरोग्य पत्रिकेवर लोह आणि जस्त दोन्ही ‘कमी’ आले. पुढे बोटातल्या थेंबावर त्यांचं हिमोग्लोबिन नऊच्या खाली निघालं. बाईला बारा तरी हवं.

काकू म्हणाल्या, “मातीत बी लोह कमी, माझ्या रगतात बी लोह कमी. हे लोह एकच हाय का गं?”

एकच, मी म्हणाले.

“मंग दोन डाव येगळ्या वह्या घिऊन काहून आलीस?”

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी खूप वाचलं, विचारलं. आमची काळी जमीन चुनखडीची. तिच्यात लोह असतं, पण चुना जास्त असला की पिकाच्या मुळांना ते उचलता येत नाही. मग भुईमूग पिवळा पडतो आणि हिराकसाची फवारणी करावी लागते. माणसाच्या पोटातही तसंच घडतं. भाकरीत लोह असतं, पण जेवणाबरोबर चहा घेतला तर शरीराला ते नीट उचलता येत नाही. लिंबू पिळलं तर सोपं जातं. मृदाशास्त्रज्ञ आणि आहारशास्त्रज्ञ अडचण एकच सांगत होते, फक्त त्यांच्या इमारती वेगळ्या होत्या.

याच लोहावर पिकांची पैदास करणाऱ्यांनीही काम केलं आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीने आमच्या विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी दिली. नेहमीच्या ज्वारीत किलोला तीस मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, हिच्यात पंचेचाळीसच्या आसपास, जस्तही जास्त. मला या कामाचा मनापासून अभिमान वाटतो. पण त्या आधीच काकूंच्या ताटातली ज्वारी कमी झाली होती. खरिपात रानं सोयाबीनखाली गेली आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये किलोने घरात आला. कायद्यात तेव्हा एक रुपया किलोने भरड धान्याचीही सोय होती. माझ्या पाहण्यातल्या पिशव्यांतून मात्र गहू-तांदूळच येत राहिले. त्या धान्याने माणसं उपाशी झोपली नाहीत, हे मी घराघरात पाहिलं आहे, म्हणून त्याला नावं ठेवणार नाही. एवढंच सांगते की ज्वारीत लोह वाढवणारा आणि रेशनची पिशवी ठरवणारा, दोघांनी एकदा काकूंच्या चुलीपुढे एकत्र बसायला हवं होतं. माती, बियाणं, रक्त आणि कायदा या चार विषयांची गाठ त्या चुलीपाशी पडते.

२. प्रश्न चुकला की माणूस खोटा ठरतो.

सुरुवातीच्या एका पाहणीत प्रश्न होता : “गेल्या सात दिवसांत किती दिवस काम केलं?” बाया सांगायच्या, “काही न्हाई, घरीच हाय.” मी शून्य लिहायची. असं सांगणारीच्या हाताला कापसाच्या बोंडाचे ओरखडे असायचे आणि पदराला खुरपणीची माती. ‘काम’ म्हणजे दुसऱ्याच्या रानात रोजाने जाणं, हा आमच्याकडचा अर्थ. स्वतःच्या रानातली वेचणी, शेण काढणं, कडबा तोडून टाकणं, पाणी आणणं याला कुणी काम म्हणत नाही, करणारीसुद्धा म्हणत नाही.

नंतर मी पहाटेपासून विचारू लागले. उठल्यावर आधी काय केलंत? मग? त्यानंतर? दिवस उलगडत गेला की सात दिवसांतले सात दिवस भरायचे. २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली तेव्हा असाच, चोवीस तासांचा हिशेब अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून घेतला गेला, हे वाचून मला फार बरं वाटलं. माझ्या त्या पहिल्या वह्यांतली शून्यं मात्र कुठल्यातरी तक्त्यात जाऊन बसली असतील. त्याची टोचणी अजून आहे.

शेतकामातल्या बाईच्या श्रमांवर आमच्या गृहविज्ञानाच्या विभागात संशोधन चालतं. वाकून खुरपताना नाडी किती वाढते, कमरेला किती ताण येतो, हे मोजलं जातं. काहींना हे किरकोळ वाटतं. मला वाटत नाही. दिवसभर वाकलेल्या बाईचा ताण ज्याने पहिल्यांदा आकड्यात लिहिला, त्याने शास्त्राचंच काम केलं.

३. शेतकरी नाही म्हणाला तर त्याचं कारण लिहून घ्या.

१९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. उत्पन्न भरघोस होतं. तरी रब्बीला आमच्याकडची माणसं मालदांडीला चिकटून राहिली. लोक अडाणी आहेत म्हणून नवीन घेत नाहीत, असं म्हणणारे मला भेटले आहेत. माझे वडील वेगळं सांगायचे : “दाणा माणसाचा, कडबा बैलाचा. दोघं जेवले पाहिजेत.” बुटक्या ताटाला कडबा किती निघणार? आणि भाकरीला चव नसेल तर पोतं भरून काय करायचं? पुढे ‘परभणी मोती’सारखे वाण आले त्यात टपोरा, मोत्यासारखा दाणा आणि कडबा दोन्ही पाहिलेले होते. मधल्या काळात कुणीतरी त्या नकाराची कारणं नीट ऐकली असणार.

४. सरासरीत आपलं रान शोधू नका.

झरी हे महसूल मंडळ आहे. पाऊस मंडळाचा मोजतात. पण पर्जन्यमापक जिथे आहे तिथे धो धो आणि दोन कोसांवर धूळ, असं आमच्याकडे जुलै-ऑगस्टात नेहमी होतं. हवामानशास्त्रज्ञाला मंडळाची नोंद पुरते. पीक विम्याचा निर्णय त्याच नोंदीवर बेतला की ज्याचं रान कोरडं राहिलं तो तक्त्यात ओला दिसतो.

५. बंद दाराची नोंद करा.

बऱ्याच सर्वेक्षणांत नियम असतो की घराला कुलूप असेल तर पुढचं घर घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या भागात कुलूप कुणाच्या घराला असतं? ऊसतोडीला गेलेल्यांच्या, पुण्याला बांधकामावर गेलेल्यांच्या. म्हणजे गरिबी मोजायला निघालेली वही सगळ्यात गरीब घर ओलांडून जाते. आता मी कुलपाची नोंद वेगळ्या पानावर करते आणि माणसं कधी परत येणार ते शेजारी विचारते.

६. काही उत्तरांना दहा वर्षं लागतात.

आमच्या भागात १९७२ म्हटलं की दोन आठवणी निघतात. त्या वर्षी मे महिन्यात परभणीला कृषी विद्यापीठ सुरू झालं. म्हाताऱ्या माणसांना मात्र आधी दुष्काळ आठवतो, खडी फोडणं आणि सुकडी आठवते. माझी आजी त्या खडीवर होती. मला पुष्कळ वर्षं वाटायचं की विद्यापीठ हे संशोधन आणि खडी ही आपत्ती. मग कळलं की रोजगार हमीचीसुद्धा आधी परीक्षा झाली होती. वि. स. पागे यांच्या प्रयत्नातून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात ती करून पाहिली गेली, दुष्काळात खडीसारखी कामं राज्यभर निघाली, १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ पासून तो लागू झाला आणि २००५ मध्ये देशाने त्याच धर्तीवर कायदा केला. बियाण्याची जशी आधी केंद्रावर, मग शेतकऱ्यांच्या रानात चाचणी होते, तशीच ही चाचणी. आजीने फोडलेली खडी त्या प्रयोगाचा भाग होती.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले, शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली आणि घरीच नवजात बाळाची काळजी घेतली तर मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी होतात हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. आज बाळंतिणीच्या घरी आशाताई येते, बाळाचं वजन करते, त्याच्या मागे ते काम आहे. इक्रिसॅटने १९७५ पासून सोलापूरच्या शिरापूर-कळमणमध्ये, अकोल्याच्या कानझऱ्यात तीच घरं वर्षानुवर्षं पाहिली. त्यांचे अन्वेषक गावातच मुक्काम करत, ठरावीक आठवड्यांनी त्याच दारी जात. एका भेटीत माणूस हिशेब सांगतो. कर्ज का काढलं ते पाचव्या-सहाव्या भेटीत सांगतो. माझ्या कामात अशी निवांत संधी मला फार कमी मिळाली. दोन महिन्यांत अहवाल हवा, असंच बहुतेक जण म्हणतात.

७. घेतलेला आकडा परत नेऊन द्या.

हे मी सगळ्यात उशिरा शिकले. एका अभ्यासासाठी आम्ही शेकडो बायांचं रक्त तपासलं. प्रत्येकीला मी सांगितलं होतं की महिन्याभरात तुमचा आकडा आणून देते. संशोधन पूर्ण झालं, परिसंवादात मांडलं गेलं, आणि यादी मागितली तर ती गोपनीय असल्याचं मला सांगण्यात आलं. जिचं रक्त तिच्यापासूनच गोपनीय! बाजारात, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत बाया मला विचारत राहिल्या, “माझं किती निघालं गं माय?” त्यातली एक गरोदर होती. तिला तेव्हाच लोहाच्या गोळ्या सुरू व्हायला हव्या होत्या. तिचं आणि बाळाचं पुढे ठीक झालं, पण त्यात आमच्या अभ्यासाचा काही वाटा नव्हता.

त्यानंतर मी एक अट घालू लागले. आकडा जागेवर चिठ्ठीत लिहून द्यायचा, कमी असेल तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात नाव कळवायचं, आणि अभ्यास संपला की गावात येऊन निष्कर्ष सांगायचे. काही कामं या अटीमुळे हातची गेली. जे संशोधक तयार झाले त्यांच्याबरोबर मी मनापासून राबले.

निष्कर्ष सांगायला पहिल्यांदा आम्ही मारुतीच्या पारावर बसलो. पुरुष आले. बाया पारावर येणार नव्हत्या, हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी गल्ली-गल्लीत फिरलो. काकूंच्या ओसरीवर तर मातीच्या पत्रिका आणि रक्ताच्या चिठ्ठ्या एकत्रच घेऊन बसलो. या खेपेला एक दहावीची मुलगी माझ्यासोबत नावं लिहायला होती. सायन्स घ्यावं की आर्ट्स, हे तिचं ठरत नव्हतं. मी म्हटलं, जे घेशील ते घे, पण दुसऱ्या बाजूचं शिकायची लाज धरू नकोस. माती तपासायला शिक आणि माणसाला विचारायलाही शिक.

ती यादी चाळत होती. एका नावापुढे कुलूप लिहिलेलं पाहून थांबली.

“ही माझी मावशी. उसाला गेलीय. पाडव्याच्या पुढं येईल.”

मी तिच्याकडे पेन दिला. तिने कुलपाच्या पानावर मावशीच्या नावापुढे पाडवा लिहिलं आणि खाली आणखी दोन घरांची नावं घातली, जी माझ्या यादीत नव्हतीच.