बाळाचा उसना श्वास

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारात आमच्या शेजारच्या आजींच्या पाच किलो वजनाच्या नातवाची शस्त्रक्रिया ठरली. “यंत्र श्वास घेणार, मग बाळाला तो परत कोण देणार रे?” त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, “आजी, भुलीत स्नायू सैल पडतात. तेवढा वेळ श्वास बाहेरून द्यायचा.”

प्रौढाच्या एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा असते. या बाळाच्या श्वासात ३० ते ४०, म्हणजे सहा-आठ चहाचे चमचे! कमी पडली तर प्राणवायू अपुरा, जास्त झाली तर फुप्फुसांना इजा. झडपांचा अडथळाही बाळाला सोसत नाही. म्हणून १९३७ साली फिलिप आयर यांनी बिनझडपांची टी-आकाराची नळी योजली. १९५० साली जॅक्सन रीस यांनी तिला पिशवी जोडली आणि हाताने श्वास देणे सोपे झाले. आज यंत्र मोजून श्वास देते. तरी भूलतज्ज्ञाची नजर बाळाच्या छातीवरच असते.

आजींनी होकार दिला. बाळ शुद्धीवर येऊन रडले, तेव्हा उसना श्वास फिटला.