गाणी कोणाची?

जळगावाजवळ आसोदे नावाचे गाव आहे. १८८० साली त्या गावी बहिणाबाई चौधरी यांचा जन्म झाला. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु शेतात राबताना आणि घरी जाते ओढताना त्यांच्या ओठांवर आपोआप गाणी येत. ती गाणी खानदेशातल्या बोलीतली होती आणि त्यांची त्यांनीच रचलेली होती. कागदाशी व शाईशी संबंध नसल्यामुळे त्यांपैकी पुष्कळशी वाऱ्यावर विरून गेली. जी उरली, ती त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि एक आप्त पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी ऐकून टिपून ठेवली म्हणून उरली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. पुढे सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांस दाखविली, आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले.

आता विचार करा. ही गाणी कोणाची म्हणावीत? रचणाऱ्या आईची, टिपून घेणाऱ्या मुलाची, छापणाऱ्या प्रकाशकाची, की ती ऐकणाऱ्या आपणा सर्वांची?

खानदेशातच अशा प्रश्नाचे आणखी एक उदाहरण सापडते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचन केले. अठरा रविवारी अठरा अध्याय झाले. विनोबा बोलत आणि त्याच तुरुंगात बंदी असलेले साने गुरुजी भराभर लिहून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्या लिखाणातून झाला. गुरुजींचे श्रम थोडे नव्हते. त्यांच्या लेखणीवाचून ती प्रवचने भिंतींच्या आतच राहिली असती. तरीही ग्रंथ विनोबांचाच मानला जातो. आपल्या आजच्या कायद्याचे म्हणणेही तसेच आहे. चारचौघांत केलेल्या भाषणाचा पहिला धनी बोलणारा होय, टिपणारा नव्हे.

हा कायदा १९५७ साली झाला व २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्याने मिळणाऱ्या अधिकारास स्वामित्वहक्क किंवा कॉपीराइट म्हणतात. पुस्तक, गाणे, चित्र, चित्रपट यांच्या प्रती काढण्याचा व त्या विकण्याचा अधिकार कर्त्याचा, किंवा कर्त्याने ज्यास तो दिला असेल त्याचा असतो. मात्र हा हक्क कल्पनेवर नसतो, रचनेवर असतो. आईच्या मायेवर कोणीही कविता करावी. दुसऱ्याने केलेली कविता स्वतःची म्हणून छापू नये.

शेत पिढ्यान्‌पिढ्या एका घराण्यात राहते. स्वामित्वहक्काचे तसे नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी तो संपतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या मृत्यूला १९९१ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्यांचे साहित्य मोकळे होऊ लागले, तेव्हा १९९२ मध्ये कायदा बदलून सर्वांसाठीच दहा वर्षे वाढविण्यात आली. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यामुळे २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणाही प्रकाशकास छापता येते. लेखकाच्या पश्चात प्रथमच प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची साठ वर्षे प्रसिद्धीनंतर मोजतात. म्हणून १९५२ च्या त्या पुस्तकातील बहिणाबाईंची गाणी २०१३ पासून सर्वांची झाली.

मुदत संपण्यापूर्वीच कोणी परस्पर प्रती काढू लागला, तर त्यास आपण चोरी म्हणतो. एके काळी ही चोरी कष्टाची होती; पोथी उतरून घेण्यात महिने जात. पुढे ध्वनिफिती आल्या, तबकड्या आल्या, आणि आता बोटाच्या एका स्पर्शाने हजार प्रती निघतात. २०१६ मध्ये ‘सैराट’ हा मराठी चित्रपट चित्रपटगृहात चालू असतानाच त्याची चोरटी प्रत महाजालावर फिरू लागली. ‘सैराट’ने तरीही विक्रमी कमाई केली, हे खरे. परंतु धुळ्याचा एखादा होतकरू गायक उसने पैसे घेऊन अहिराणी गीत ध्वनिमुद्रित करतो, वाद्ये वाजविणाऱ्यांस मजुरी देतो, आणि दुसराच कोणी तेच गीत आपल्या नावाने महाजालावर चढवून त्याची मिळकत घेतो. अशा वेळी त्या गायकाने कोणाकडे पाहावे? मोठ्या कंपनीजवळ वकील असतात. त्याच्याजवळ फक्त ते गीत असते.

म्हणून शिक्षा कडक हवी, असे एक पक्ष म्हणतो. कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. या गुन्ह्यात पोलिसांस वॉरंटाशिवाय अटक करता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. चित्रपटाच्या चोरीसाठी २०२३ मध्ये दंड आणखी वाढविला गेला.

दुसरा पक्ष विचारतो, की या जाळ्यात सापडतो कोण? चोरट्या संकेतस्थळांचे चालक बहुधा दूरदेशी, नाव बदलून बसलेले असतात. न्यायालयाने एक स्थळ बंद केले की दुसऱ्या नावाने ते उघडते. हाती लागतो तो तालुक्याच्या बाजारपेठेत भ्रमणध्वनीत गाणी भरून देणारा दुकानदार. ही तक्रार अगदीच पोकळ नाही. तथापि दुकानदार गरीब आहे म्हणून गायकाचे नुकसान भरून निघत नाही, हेही विसरता येत नाही.

विद्यार्थ्यांचे काय, असे तुम्ही विचाराल. शिकताना व शिकविताना घेतलेला उतारा, अभ्यासासाठी केलेला योग्य तेवढा वापर, पुस्तकाचे परीक्षण, यांस कायद्याने मोकळीक दिली आहे. २०१२ मध्ये तीन मोठ्या परदेशी प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या एका दुकानावर दावा लावला. महागड्या ग्रंथांतील प्रकरणे एकत्र करून तेथे विद्यार्थ्यांस स्वस्तात दिली जात. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांची बाजू उचलून धरली, आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. अर्थात, अभ्यासासाठी चार प्रकरणे उतरणे निराळे, आणि आख्खे पुस्तक छापून रस्त्यावर विकणे निराळे.

बहिणाबाईंचे शब्द आज मोकळे आहेत. तरी त्यांस एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची असते, आणि त्या चालीचे ध्वनिमुद्रण ते करविणाऱ्याचे असते. उद्या जळगावच्या एखाद्या मुलीने त्याच शब्दांना स्वतःची नवी चाल लावली, तर शब्दांसाठी तिला कोणाचीही परवानगी मागावी लागणार नाही. पण तिची चाल कोणास हवी असेल, तर त्याला तिच्या दारी यावे लागेल.