एक पॉवर सप्लाय गेला. दुसऱ्याच्या भरवशावर किती दिवस?

तळेगावच्या एमआयडीसीतला कारखाना, वडगावची पतसंस्था, लोणावळ्यातलं मोठं हॉटेल, सीटी स्कॅनच्या प्रतिमा वर्षानुवर्षं जपून ठेवणारं रुग्णालय. यांतल्या बहुतेकांकडे एका छोट्या खोलीत, रॅकमध्ये, स्टोरेजचं यंत्र अखंड चालू असतं. त्याच्या पाठीमागे शेजारी शेजारी दोन पॉवर सप्लाय बसवलेले असतात. एक बंद पडला तरी दुसरा सगळा भार उचलतो आणि काम क्षणभरही अडत नाही. घात होतो तो इथेच. काहीच अडलं नाही म्हणून केशरी दिवा दिसत असूनही बदलण्याचं काम पुढच्या आठवड्यावर जातं.

पण हे दोन्ही पॉवर सप्लाय एकाच दिवशी बसवलेले असतात. दोघांनी सारखेच तास काम केलेलं असतं, तीच धूळ आणि तेच वरखाली होणारं व्होल्टेज सोसलेलं असतं. पहिला वयामुळे गेला असेल तर दुसऱ्याचंही वय तेवढंच आहे, आणि आजवर अर्धा भार वाहणाऱ्या त्या दुसऱ्यावर आता पूर्ण भार आला आहे. म्हणून माझा आग्रह असा की खर्चाचं गणित मांडताना उरलेल्या पॉवर सप्लायपासून सुरुवात करावी. एक मागवायचा असेल तर दोन मागवा.

त्याआधी पैसे न लागणारी तपासणी करून घ्या. बऱ्याचदा पॉवर सप्लाय ठीक असतो. मागची केबल सैल झालेली असते, पट्टीचं बटण बंद असतं किंवा एमसीबी पडलेली असते. यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या क्रमांकाचा पॉवर सप्लाय बिघडला ते नोंदलेलं असतं. ते आणि मागचा दिवा जुळतात का पाहा. बिघडलेल्याचीच केबल बदलून आणि तिला दुसरं सॉकेट देऊन बघा. चालू असलेल्याच्या केबलला या वेळी हातसुद्धा लावू नका.

आता दर. पुढचे आकडे बाजारातल्या साधारण अंदाजाचे आहेत, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. कोटेशन हातात आलं की ताडून पाहायला ते पुरेसे आहेत. सर्व्हरचा ७५० ते ८०० वॉटचा रिफर्बिश्ड पॉवर सप्लाय ५ ते १० हजारांत मिळतो, कंपनीचा नवा १५ ते ३५ हजारांत. स्टोरेज यंत्राचा महाग असतो: रिफर्बिश्ड १२ ते ३५ हजार, नवा ४० हजारांपासून लाखापर्यंत. छोट्या दोन-चार डिस्कच्या एनएएसला, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या स्टोरेजला, बाहेरचा अडॅप्टर असतो, तो ४ ते ९ हजारांत येतो. पुण्याहून इंजिनिअर बोलावण्याचे दीड ते चार हजार धरा.

रिफर्बिश्ड घ्यायला माझी हरकत नाही, पण लेबलवरचा पार्ट नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे, किंवा तो पर्यायी नंबर कंपनीच्या यादीत असला पाहिजे. वॉट सारखे आहेत एवढ्यावर विसंबू नये. काही यंत्रांत पंख्याची हवा पुढून मागे जाते, काहींत मागून पुढे. उलट्या दिशेचा बसवला तर गरम हवा आतच फिरत राहते. एकाच यंत्रात वेगवेगळ्या वॉटचे दोन बसवूनही चालत नाही. पुण्याच्या तापकीर गल्लीत वायर, एमसीबी, पट्ट्या असा इलेक्ट्रिकलचा माल हवा तेवढा मिळतो. स्टोरेजचा पॉवर सप्लाय मात्र जुन्या सर्व्हरच्या व्यापाऱ्याकडून किंवा अधिकृत विक्रेत्याकडूनच मागवावा लागतो.

वार्षिक देखभालीचा करार असेल तर सुटा भाग बहुधा मोफत मिळतो. पण मावळातल्या ग्राहकानं करारातली एक ओळ काळजीपूर्वक वाचावी. चार तासांत माणूस आणि माल पोहोचवण्याची हमी बहुतेक कंपन्या आपल्या गोदामापासून ठरावीक अंतरापर्यंतच देतात. पुण्यासाठी मिळणारी हमी ४१०४०१ या लोणावळ्याच्या पिनकोडला लागू आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. लागू नसेल तर 'पुढच्या कामाच्या दिवशी' एवढंच पदरात पडतं, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी बिघडलेल्या यंत्राला सोमवार उजाडतो. शनिवार-रविवारी, त्यातून पावसाळ्यात, भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांच्या रांगांतून लोणावळ्यात पोहोचायला किती वेळ लागतो हे इथल्यांना सांगायला नको. यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जून लागण्यापूर्वी एक जादा पॉवर सप्लाय कपाटात आणून ठेवणं.

प्रत्यक्ष बदलताना, यंत्र हॉट स्वॅप प्रकारचं असेल तर ते बंद करावं लागत नाही. तरीही आधी बॅकअप घ्या आणि तो उघडतो का पाहा. भर पावसातून आणलेला नवा भाग लगेच बसवू नका. खोक्यातून काढून तास-दोन तास त्याच खोलीत ठेवा, म्हणजे त्यावर धरलेला दमटपणा सुकेल. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा लावा. उरलेल्या पॉवर सप्लायचा दिवा हिरवा आहे हे दोघांनी वेगवेगळं पाहून मोठ्यानं म्हणावं. चुकून चांगलाच बाहेर ओढला गेला तर सगळं यंत्र एका झटक्यात बंद पडतं, आणि लिहिणं चालू असताना असं झालं तर डेटाला धोका असतो.

नवा हातात येईपर्यंत जुना जागेवरून काढू नये, मग तो मेलेला का असेना. रिकाम्या खाचेतून हवा भलतीकडे निसटते आणि आतल्या डिस्क तापायला लागतात. आधी बिघडलेल्याची केबल काढा, दिवे विझेपर्यंत थांबा, मग खिटी दाबून खालून आधार देत तो सरळ बाहेर ओढा. नव्याच्या पिना वाकलेल्या नाहीत ना ते बघा. खट् आवाज येईपर्यंत तो आत सरकवा. अडकला तर जोर न लावता बाहेर काढून पुन्हा घाला. केबल शेवटी. दिवा हिरवा झाला, सॉफ्टवेअरमधली सूचना गेली, की दिवसभर पंख्यांच्या आवाजाकडे आणि तापमानाकडे लक्ष असू द्या.

एकच पॉवर सप्लाय असलेलं यंत्र मात्र बंदच करावं लागतं. आधी त्यावर अवलंबून असलेले सर्व्हर, मग स्टोरेजचा मुख्य कंट्रोलर, शेवटी जोडलेल्या डिस्कच्या पेट्या. सुरू करताना क्रम उलटा: पेट्या, कंट्रोलर, सर्व्हर. हा क्रम कागदावर लिहून रॅकच्या दाराला चिकटवा.

जळालेला पॉवर सप्लाय उघडून दुरुस्त करून देणारे भेटतात आणि दोन-तीन हजारांत काम होतं. स्टोरेजसाठी हा मार्ग मी कुणालाही सुचवणार नाही. २३० व्होल्टची वीज आत डीसी होते तेव्हा ती सव्वातीनशे व्होल्टपर्यंत जाते, अनेक पॉवर सप्लायमध्ये चारशेच्या जवळ. केबल काढल्यावरही कपॅसिटरमध्ये हा दाब काही काळ टिकतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. हॉटेलच्या वायरमनला किंवा कार्यालयातल्या हौशी मुलाला तो डबा उघडू देऊ नका.

एवढं करून थांबलात तर वर्षभरात तोच खर्च पुन्हा निघू शकतो, कारण पहिला कशामुळे गेला ते अजून कळलेलं नाही. घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. विजा होतात, लाइट जाते आणि परत येते तेव्हा झटका देऊन येते. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर नवी अर्थिंग, ६ ते १५ हजार. वितरण पेटीत सर्ज रोखणारं उपकरण, ३ ते १० हजार. बाहेरून येणाऱ्या लाइनमध्येच दोष असेल तर महावितरणच्या १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा.

यूपीएसकडेही बघा. दोन्ही पॉवर सप्लायच्या केबल एकाच यूपीएसला जोडलेल्या असतील तर दोन असण्याचा अर्धा फायदा गेला. एक यूपीएसवर आणि दुसरी वेगळ्या यूपीएसवर किंवा वेगळ्या सर्किटवर हवी. घरगुती स्क्वेअर वेव्ह इनव्हर्टर या यंत्रांना सोसत नाही. साइन वेव्हच लागतो. ३ केव्हीएच्या ऑनलाइन यूपीएसला बॅटऱ्या सोडून २५ ते ४५ हजार पडतात.

लोणावळ्यात पावसाळ्यात गारवा असतो म्हणून सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद ठेवण्याची पद्धत आहे. विजेचं बिल वाचतं, पण दमट हवा यंत्रात शिरते आणि तिच्यासोबत ओली धूळ बोर्डावर बसते. एसी चालवायचा नसेल तर १२ ते २५ हजारांचा डीह्युमिडिफायर ठेवा. वितरण पेटीत आणि यूपीएसमध्ये पाल शिरून शॉर्ट होण्याचे प्रकार घडतात, तेव्हा केबलची भोकं बुजवून घ्या.

बिल पक्कं घ्या. त्यावर पार्ट नंबर, सिरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर भरलेल्या कराची वजावटही सहसा मिळते. लेखी वॉरंटीचा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार 'ग्राहक' धरला जात नाही; स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला तेवढी सूट आहे. म्हणजे छोटा फोटो स्टुडिओ स्वतः चालवणारा माणूस ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रारही करू शकतो. कंपनी किंवा मोठ्या हॉटेलच्या हाती मात्र बिल आणि करार एवढाच आधार उरतो.

काढलेला जुना पॉवर सप्लाय भंगारवाल्याला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा. नवा घेतानाच जुना परत घेणार का हे विक्रेत्याला विचारा, आणि दिल्याची पावती बिलाला जोडून ठेवा.