आधी उंबरठा, मग टर्बो!

‘गाडी मॉडिफाय करायची’ म्हटलं की हॉस्टेलवर तीन गोष्टी हमखास सुचतात. सायलेन्सर बदला, स्टिकर लावा आणि हॅण्डल उंच करा. मीही याच हॉस्टेलचं अन्न खाल्लेलं असल्याने कुणाला नावं ठेवत नाही. सध्या नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये आहे. इथे माझ्या रूम पार्टनरबरोबर (हा सांगलीचा, अस्सल!) जपानहून आलेली एक जुनी स्पोर्ट्स कार मूळ स्थितीत आणली आणि मग तिच्यात थोडे बदल केले. त्यात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचा जो धडा कळला तो सेमिस्टरला पाठ करूनही कळला नव्हता, म्हणून हा लेखनप्रपंच.

गाडी म्हणजे १९९१ ची युनोस रोडस्टर. जगात हिला माझदा एमएक्स-५ किंवा मियाटा म्हणतात. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही प्रथम दिसली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जपानमध्ये विकायला आली. गंमत बघा, छोटी, हलकी, उघड्या टपाची दोन सीटर ही कल्पना मूळ ब्रिटिशांची, लोटस एलानसारख्या गाड्यांची. हिरोशिमाच्या इंजिनिअरांनी ती उचलली आणि रोज विनातक्रार सुरू होणारी गाडी बनवली. पुढे ब्रिटिशांनीच या गाड्या जपानमधून सेकंडहॅण्ड मागवल्या, कारण स्टिअरिंग दोन्हीकडे उजवीकडेच. १६०० सीसीचं इंजिन, १२० हॉर्सपॉवर, मागच्या चाकांना ताकद आणि वजन अवघं ९४० किलोच्या आसपास. ‘अवघं’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गाडी दिसायला झकास होती. लाल रंग चकाकत होता, पॉपअप दिवे फटकन उघडत होते. पार्टनर म्हणाला, “लेका, काय कमी हाय हिला? पैसे साठलेत, टर्बो टाकूया की!” मी आधी गाडी जॅकवर घ्यायला लावली.

दाराखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याची एक लांब पेटी असते, तिला सिल म्हणतात. गाडीचा उंबरठाच म्हणा ना. मागच्या चाकाजवळ स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर टणटण ऐवजी भदभद आवाज! वरचा काळा थर खरवडला तर आत फायबरग्लास आणि पुट्टी, आणि त्यामागे पत्र्याचा चुरा. आधीच्या कुणीतरी गंज न काढताच वरून लिंपण केलं होतं. कारण साधं आहे. कापडी टपावरचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. त्यात पाला अडकला की पाणी तुंबून आत उतरतं. सिलच्या खालची निचऱ्याची फटही चिखलाने बुजते, आणि वर हिवाळ्यात इथे रस्त्यावर टाकलेलं मीठ!

“गंज काय, सगळ्याच जुन्या गाड्यांना असतो,” असं तुम्ही म्हणाल. इथेच खरा विषय आहे. बंद गाडीत छत, खांब आणि खालचा सांगाडा मिळून भार घेतात. हिला छतच नाही. त्यामुळे वाकण्याचा आणि पिळण्याचा मोठा भार या दोन सिलवर आणि मधल्या बोगद्यावर येतो.

आता एक प्रयोग करा. ड्रॉइंग शीट ठेवायची पुठ्ठ्याची नळी घ्या आणि दोन्ही हातांनी पिळा. पिळली जात नाही. आता तिला लांबीभर एक उभा काप द्या आणि पुन्हा पिळा. कागदासारखी वळते! आकडेमोड हवी असेल तर १०० मिमी बाजूची, १ मिमी पत्र्याची चौकोनी बंद पेटी घ्या. तिचा टॉर्शन कॉन्स्टंट येतो बाजूचा घन गुणिले जाडी, म्हणजे १० लाख. तीच पेटी उभी कापली तर चार बाजू गुणिले जाडीचा घन भागिले तीन, म्हणजे फक्त १३३. साडेसात हजार पटींचा फरक! पत्रा तेवढाच, वजन तेवढंच, फक्त बंद आकार उघडा झाला. गंजाने काही पूर्ण लांबीचा काप जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात घट एवढी भयंकर नसते. पण दिशा तीच. हे गणित कागदावर मांडून दाखवल्यावर पार्टनर गप्प झाला. तो ज्या सीटवर बसणार होता तिचा पट्टा त्या चुऱ्याजवळच बोल्ट केलेला होता, हे त्याला मी वेगळं सांगितलं नाही. त्यानेच पाहिलं.

टर्बोचे पैसे सिलमध्ये गेले. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करून घ्यायचा, नाहीतर कापल्यावर गाडी मधूनच किंचित खचते आणि दार पुन्हा नीट बसत नाही. आतला पत्रा आधी, बाहेरचा नंतर. वेल्डिंग थोडंथोडं, जागा बदलत, म्हणजे उष्णतेने पत्रा वाकडा होत नाही. पण शेवटी सगळे तुकडे जुळून सलग शिवण व्हायला हवी. इथल्या वार्षिक एमओटी तपासणीतही सीटबेल्टजवळच्या अशा दुरुस्तीला नुसते टाके चालत नाहीत. शेवटी रंग आणि पेटीच्या आत मेण.

इंजिनला फारसं काही करावं लागलं नाही. टायमिंग बेल्ट (१ लाख किलोमीटरला बदलायचा), वॉटर पंप, होस पाइप, एवढंच.

आता बदल. माझं मत, बदल असा हवा की उद्या काढला तर गाडी पुन्हा मूळची व्हावी, आणि तिच्या हलकेपणाला धक्का लागू नये. मूळ टायर १८५/६० आर १४, व्यास ५७८ मिमी. आम्ही १९५/५० आर १५ घातले, व्यास ५७६. स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. पार्टनरला हवे होते १७ इंची, २०५/४०. तो व्यास ५९६, वर जड रिम. सस्पेन्शनखालचं वजन वाढलं की चाक खड्ड्यावरून उडतं. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणाऱ्यांना एवढंच सांगतो, ६ वेढ्यांतले दीड कापले की स्प्रिंग ३३ टक्के ताठ होते, शॉक ॲब्सॉर्बर मात्र जुनाच राहतो. आम्ही दोन्ही जोडीने बदलले, शिवाय चांगले ब्रेक पॅड. बस्स. खुद्द माझदाने २०१७ मध्ये या पहिल्या पिढीच्या गाड्यांसाठी जपानमध्ये रिस्टोरेशन सेवा जाहीर केली, तेव्हा १४ इंची मूळ टायर आणि नार्डीचं लाकडी स्टिअरिंग नव्याने बनवून घेतलं. स्पॉयलर नाही!

रेडिओ मुद्दाम बदलला नाही. जपानचा एफएम पट्टा त्या काळी ७६ पासून ९० मेगाहर्ट्झपर्यंत होता, त्यामुळे इथे बीबीसीचं रेडिओ टू तेवढं लागतं. तेवढं पुरतं.

भारतात अशी गाडी आणायचा विचार असेल तर ३ वर्षांहून जुनी वापरलेली गाडी सहसा आयात करता येत नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांना आडवं येतं. पण सिल सगळ्याच गाड्यांना असतो. सुट्टीत घरच्या गाडीचा ठोकून बघा. निचऱ्याची भोकं साफ करताना लोखंडी तार घालू नका, रबरी नळी फाटते आणि पाणी थेट पेटीत जातं. फिशटँकची पातळ प्लास्टिक नळी उत्तम, आणि मग वरून तांब्याभर पाणी ओतून ते खाली पडतंय का ते बघायचं.